हात कोणाचा

मी आणि दिरानं टेबल उलटं करून पाय ठोकले होते. ते दोघांनी धरून सरळ केलं, नवरा काठी टेकत आला, त्यानं फळीवर तळहात टेकवायला हात खाली सोडला आणि हात टेकलाच नाही. त्याला कमरेत वाकावं लागलं. तो तसाच वाकून माझ्याकडे पाहत राहिला.

"पाय कोणं मोजले?"

"मी."

"कायनं मोजले?"

"हातानं. तुम्हीच सांगतलं, पावणेदोन हात."

"कोणाच्या हातानं?"

माझा हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत त्याच्या हाताहून आखूड. पावणेदोन हातांत चार बोटांचा फरक पडला होता. चारही पायांना.

"वहिनी, टेबल पाहिजे होतं, तुमी पाट केला," दीर म्हणाला. करवत त्यानंच चालवली होती, पण कोळशाच्या खुणा माझ्या होत्या, त्यामुळे त्याला हसायला मोकळीक होती.

नवरा सुतार. एकोडीत आमच्या घराची सपरी, म्हणजे समोरची ओसरी, तेच त्याचं काम करायचं ठिकाण. आमच्याकडचे सुतार तेव्हा जमिनीवर बसूनच काम करायचे. लाकूड दोन्ही तळपायांत धरायचं, गुडघे आवळायचे आणि वरून वासला चालवून तासायचं. त्या कार्तिकात एका गाडीवरून ओंडका उतरवताना तो त्याच्या गुडघ्यावर आला. भंडाऱ्याला नेलं, प्लास्टर झालं, निघालं. गुडघा वाकेना तो वाकेचना. उभं राहता येई, चालता येई, जमिनीवर बसता येत नव्हतं.

मग दीड महिना मी त्याच्या समोर बसून लाकूड पायात धरलं. तो स्टुलावर बसून वरून ओणवा होऊन रंधा मारी. मी जरा हलले की शिव्या, नाही हलले तरी शिव्या. एक दिवस वासला घसरला आणि माझ्या अंगठ्याचं नख घेऊन गेला. मी त्याच दिवशी सांगितलं, माझे पाय आता मिळणार नाहीत. शहरातल्या मिस्त्र्यांसारखं उभ्यानं काम करायचं टेबल करा.

"उभ्यानं काम करते तो काय सुतार होय?" तो म्हणाला.

त्यापेक्षा दिरानं काढलेली वाट त्याला बरी वाटत होती. तुमसरला एका राइस मिलच्या फाटकावर बसायचं काम होतं. पोत्यांच्या गाड्या आल्या की फाटक उघडायचं, गेल्या की लावायचं. दिराची तिथे ओळख होती, जागा चैतापर्यंत धरून ठेवतो म्हणून त्यांनी सांगितलं होतं. नवऱ्याची हत्यारं शेजारच्या गावचा एक सुतार पाहूनही गेला होता. मला तो सौदा मान्य नव्हता. नवऱ्याला नुसतं बसवलं की त्याचं तोंड सुरू होई. महिन्याभरात फाटकावर कोणाशी तरी भांडून तो घरी आला असता, आणि घरात रंधाही नसता. चैतापर्यंत टेबल उभं राहिलं तर तो राहील, नाही तर तुमसर. एवढंच ठरलं होतं.

माळ्यावर दोन वर्षं वाळलेली बिज्याच्या लाकडाची जाड फळी होती आणि त्याच लाकडाचा एक दांडा. दांड्यातून चार पाय निघाले, हातभर तुकडा उरला. दुसरा दांडा जंगलातून आणायचा तर जंगलखात्याचा पास काढावा लागे. पास मिळेपर्यंत चैत सरला असता. पेटीत मोजायचा लोखंडी फूट होता. तो कोणी वापरत नसे. नवऱ्यानं जन्मभर स्वतःच्या हातानं मोजलं, आणि खाटेवर पडून मला माप सांगताना त्याच्याही लक्षात आलं नाही की मोजणारी मी आहे. हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं. त्याला ते पटलं नाही.

दीर म्हणाला, उरलेल्या तुकड्याचे ठोकळे करून पायांना जोडू. नवरा म्हणाला, जोड दिलेला पाय रंध्याखाली चार दिवस टिकत नाही. मग पायांखाली विटा ठेवल्या. रंधा पुढे गेला की टेबल पुढे, मागे आला की टेबल मागे. तिसऱ्या फेरीत एक वीट फुटली आणि नवऱ्यानं रंधा सपरीतून अंगणात फेकला. कोंबड्या उडाल्या.

"जातो मी तुमसरले," तो म्हणाला. "कायले मेहनत करून राहिले तुमी दोघं?"

दीर सायकल घेऊन आपल्या घरी गेला. मी रंधा उचलून आणला, विटा बाहेर टाकल्या. टेबल उंच होत नव्हतं आणि जमीन आमची मातीची होती. मी सब्बल घेतली आणि टेबलाच्या अलीकडे, तो जिथे उभा राहणार तिथे, खणायला लागले.

"काय करून राहिली वो?"

"तुम्हाले खाली घेऊन राहिली. चार बोटं. बोटं कोणाची घेऊ ते आताच सांगा."

तो काठी भिंतीला लावून खाटेच्या कडेवर बसला, पाय लांब करून वाकला आणि आपली चार बोटं खड्ड्यात घालून पाहिली.

"अजून एक बोट," तो म्हणाला.

टेबलाएवढा लांब खड्डा झाला. तळ चोपला, सारवला, सुकू दिला. तिसऱ्या दिवशी तो त्यात उतरला. तळहात फळीवर बरोबर टेकला. टेबल हललं नाही. पहिला आला तो एका शेतकऱ्याचा नांगर. शेतकऱ्यानं खाली पाहिलं.

"काय गा, खड्ड्यात काहून उभा आहेस?"

"बायकोनं घातलं," नवरा म्हणाला आणि रंधा मारत राहिला.

हे तो पुढे येईल त्याला सांगायचा. लोक हसायचे, मी आत भाकरी थापत ऐकायची. टेबल चांगलं झालं असं मात्र तो एकदाही म्हणाला नाही. खड्ड्यात रंध्याचा छिलका भरायचा तो मीच काढायची, पावसाळ्यात ओल यायची, बेडूक बसायचे. गुडघा दुखला की दोष टेबलाला. मिलच्या फाटकावर दुसरा माणूस बसला. हत्यारं विकली गेली नाहीत.

सात वर्षं तो तिथे उभा राहिला. मग दुसऱ्याच दुखण्यानं गेला. दीर त्याच्या आधीच्या साली गेला होता. टेबल करणाऱ्या तिघांपैकी मी तेवढी आहे.