ॲल्युमिनियमचा वॉकर आणि लोखंडी हात

माझ्या उजव्या हाताची पकड सुटायला लागली तेव्हा मी आधीच वॉकर घेऊन चालत होते. पायांनी दगा दिलेलाच होता, आता वॉकर धरायचा हातही चालला. कोपरापासून हात टेकवता येईल असा वॉकर तयार मिळतो, पण तो आमच्या कोलकात्याच्या बेहाला भागातल्या फ्लॅटच्या बाथरूमच्या दारातून जाईना. तो परत पाठवला आणि माझे यजमान म्हणाले, आहे त्या वॉकरलाच मी कोपर टेकवायला हात बसवून देतो.

सरकारी कचेरीत ते हिशेबाच्या कामाला होते. बदलीने आम्ही कोलकात्याला आलो आणि ते इथेच निवृत्त झाले. जन्मभर फायली चाळलेल्या माणसाला मग हत्यारांचं वेड लागलं. मागच्या गॅलरीत टेबल आलं, टेबलाला वस्तू घट्ट पकडायचा वाईस लागला, भिंतीवर कानशी नि पाने टांगले गेले. माझी कपड्यांची दोरी तेव्हापासून पुढच्या गॅलरीत.

त्यांनी लोखंडी पट्टी वाकवली, तिच्यावर फोम आणि रेक्झिन चढवलं आणि तो हात वॉकरच्या नळीला बोल्टांनी आवळून टाकला. चांगला झाला होता. त्याच्यावर हात टेकून मी स्वयंपाकघरापर्यंत जायला लागले. एकदा तर उभ्याने पोह्यांना फोडणीही दिली.

पण तोच वॉकर आंघोळीलाही लागायचा, आणि पावसाळ्यात आमच्या घरात काही म्हणता काही वाळत नाही. बोल्टांभोवती पांढरी भुकटी दिसू लागली. पुसली तरी पुन्हा यायची. ॲल्युमिनियमला लोखंड लागून दोन्ही ओली राहिली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हे त्यांना नंतर वाचून कळलं. मध्ये रबराचे वायसर घातले, पण तोवर भोकं मोठी झाली होती. एका सकाळी बाथरूममध्ये तो लोखंडी हात माझ्या वजनाने फिरला आणि माझा खांदा भिंतीवर आपटला. पडले नाही, एवढंच.

मग त्यांनी ठरवलं, आता पक्का जोडच द्यायचा. बेहाल्यात वेल्डिंगवाले पावलोपावली आहेत. दोघांकडे वॉकर नेला. एकाने लांबूनच ‘होबे ना’, होणार नाही, म्हटलं, दुसऱ्याने दोन वेगळे धातू म्हणून हात लावला नाही. यांनी कुठलेही धातू जोडते म्हणे अशी एक कांडी मागवली, आणि ती वितळवायला गॅसचा छोटा टॉर्च.

“राहू द्या आता,” मी म्हटलं. “भिंत धरून चालेन मी.”

“भिंत कुठवर धरशील?”

कांडी आली त्या दिवशी नाश्ता झाल्यावर त्यांनी मला गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसवलं आणि वॉकर नेऊन वाईसमध्ये पकडला. लोखंड लवकर तापेना. ते ज्योत पट्टीवर धरायचे, मग नळीवर, मग पुन्हा पट्टीवर. मी पाहत होते. मला वाटत होतं, नळी लाल व्हायला लागली की थांबतील. ती लाल झालीच नाही. होती तशी चंदेरी दिसत असतानाच एकदम खचली आणि वॉकरचा पाय वाकडा होऊन लोंबायला लागला.

त्यांनी टॉर्च बंद केला. स्टुलावर बसले, माझ्याकडे पाठ करून. थोड्या वेळाने ती पाठ हलताना दिसली. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. अंतर फार तर चार पावलांचं. मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. डावा हात टिकला, उजवा घसरला, मी परत मागे बसले. हाक मारली. माझा आवाजही तेव्हा बारीक झाला होता, खाली ऑटोंचे हॉर्न चालू होते. त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असेल.

तशीच बसून राहिले. मला बाथरूमला जायचं होतं. धरवलं तोवर धरलं, शेवटी जोरात सांगावंच लागलं. मग मात्र ते लगेच उठले. तोंड पुसलं, माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं आणि मागून धरून चालवत नेलं.

“रंग बदलत नाही गं ॲल्युमिनियमचा,” वाटेत म्हणाले. “कळतच नाही.”

सावकाश चला, एवढंच मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सियालदह स्टेशनकडे जाऊन त्यांनी तसाच नवा वॉकर आणला. त्याला काही जोडलं नाही. मला तो धरता येत नव्हताच. पलंगाशी उभा असतो, त्याच्यावर टॉवेल वाळतात. टॉर्च त्यांनी कोणाला तरी देऊन टाकला.

आता मला तेच चालवतात. त्यांचे गुडघे दुखतात, पण सांगत नाहीत. बाथरूमच्या अलीकडे थांबून दम घेतात, त्यांच्याबरोबर मीही थांबते. एखाद्या दिवशी त्यांचा तोल गेला तर काय, हे मी त्यांना विचारलेलं नाही. त्यांनीही तो विषय काढलेला नाही.