सगुणाक्कांच्या टेबलावरचे देव

सगुणाक्कांच्या टेबलावर देव असायचे. मातीचे, वीतभर उंचीचे, रंग उडालेले: राम, कृष्ण, गणपती, शेषावर निजलेला रंगनाथ आणि असेच आणखी सातआठ. मद्रासमधल्या एग्मोरच्या आमच्या कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यात बाई आली की फॉर्मवर पहिला रकाना नवऱ्याच्या नावाचा, आणि नवऱ्याचं नाव काही ती तोंडातून काढायची नाही. मग सगुणाक्का देवांकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हात लाव." बाई रामाला हात लावायची. "रामन?" बाई गप्प. "रामसामी?" बाई पदर तोंडावर घेऊन हसायची, आणि मगच सगुणाक्का टाक उचलायच्या.

पहिल्या दिवशी हे पाहून मला हसू आवरेना. मी पुण्याची, मॅट्रिक झालेली, नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली म्हणून मद्रासला आलेली. घरात बसून कंटाळले आणि या दवाखान्यात कारकून म्हणून लागले. सगुणाक्का तिथल्या आरोग्यसेविका. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, पांढरं नऊवारी लुगडं आणि पायात पुरुषी चपला. त्यांचं मराठी ऐकून मला आधी वाटायचं, एखादी जुनी पोथीच तमिळ हेल काढून बोलते आहे.

ते देव त्यांच्या आईच्या गोलूतले. तिकडे नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात आणि सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावतात. "मला कोण बोलवणार गे?" त्या एकदा म्हणाल्या. "घरी पेटीत ठेवून वाळवी लागली अस्ती. म्हणून इकडं आणले. इकडं अस्क्या बायका येतात, कुंकू असलेल्या, नसलेल्या." अस्क्या म्हणजे सगळ्या. हा त्यांचा लाडका शब्द होता.

दवाखान्यात एकच लांब बाक होता आणि त्यावर आलेल्या क्रमाने बसायचं, हा सगुणाक्कांचा कायदा. मैलापूरच्या रेशमी साडीशेजारी झोपडपट्टीतली फाटकी साडी बसायची. एखादी नाक मुरडून उठली की त्या गोड आवाजात सांगायच्या, "उभं राहिलीस तर नंबर शेवटला." मला हे पटायचं, पण खरं सांगते, डबा खाताना मी माझी खुर्ची बाकापासून जरा बाजूला ओढून घ्यायची. त्यांनी ते पाहिलं होतं. बोलल्या मात्र कधी नाहीत.

एक बाई तेवढी त्या बाकावर बसायची नाही. वल्लीयम्मा तिचं नाव. स्टेशनमागच्या वस्तीत राहायची, रस्ते झाडायची. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची, जणू कोणी जा म्हणालं तर पटकन जाता यावं. "दाराशी उभी राहूं नको, आत ये, बस," असं सगुणाक्का दर वेळी तमिळमध्ये सांगायच्या आणि ती दर वेळी मान डोलावून तिथेच उभी राहायची.

पाचव्या बाळंतपणात तिचं रक्त थांबत नव्हतं. सहावं झालं तर ही वाचणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. ऑपरेशन हवं होतं आणि ऑपरेशनला नवऱ्याची सही हवी होती. तिचा नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याला बायकोचं रस्ते झाडणं खुपायचं आणि हे ऑपरेशन तर त्याहून. सगुणाक्का चार महिने त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसत होत्या. "त्याला वाटतं, त्याचं काहीतरी कापून नेऊंलागलों आम्ही," असं हसत सांगायच्या. शेवटी एकदाचा तो म्हणाला, कागद पाठवा, सही करतो.

वल्लीयम्मा कागद न्यायला आली तो गुरुवार होता. गुरुवारी सगुणाक्का बसने मद्रासजवळच्या कोवलमच्या कोळीवाड्यात जायच्या, आणि टेबलाशी मी एकटी होते. बाक गच्च भरला होता. मी फॉर्म काढला आणि सगुणाक्कांच्या थाटात म्हटलं, "हात लाव." वल्लीयम्मा दारापासून पुढे आली, एका मूर्तीला बोट लावलं आणि लगेच मागे झाली. मुंडण केलेला, लंगोटी लावलेला, हातात दंड घेतलेला मुलगा. मला तो मुंजीतला बटू दिसला. बटू म्हणजे वामन. दोन वर्षांत तमिळ अक्षरं शिकले होते त्याचा मला फार अभिमान. मी झोकात 'वामनन्' लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिला.

नाव मोठ्याने म्हणून बघायचं असतं. ती लाजते का, हसते का, ते बघायचं असतं. मी तेवढं केलं नाही.

तो पळनीच्या डोंगरावरचा मुरुगन होता, म्हणजे आपला कार्तिकस्वामी. मला मुरुगन माहीत होता तो मोरावर बसलेला, दागिने घातलेला. डोंगरावर लंगोटी लावून उभा राहिलेला मला माहीत नव्हता. तिच्या नवऱ्याचं नाव पळनी. आणि हा पळनी दिवसभर अक्षरं वेचणारा माणूस. मूल न होण्याच्या कागदावर, नवऱ्याच्या रकान्यात, त्याने दुसऱ्या पुरुषाचं नाव वाचलं.

पुढचं मला सगुणाक्कांकडून कळलं. त्याने कागद फाडून चुलीत घातला आणि कोण हा वामनन् म्हणून तिला विचारत राहिला. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तो काय विचारतो आहे हेच तिला कळेना. सगुणाक्का धावल्या. "चूक माझी. मी म्हातारी, मला दिसत नाही," असं त्यांनी त्याला सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. नवा कागद पुढे केला. त्याने तो हातात घेतला नाही. पुन्हा गेल्या, पुन्हा गेल्या, मग दार उघडेनासं झालं. वल्लीयम्मा सहाव्या बाळंतपणात गेली. मूलही गेलं.

ते कळलं त्या दिवशी सगुणाक्कांनी दुपारपर्यंत बाकावरच्या सगळ्या बायका तपासल्या. मग एकेक देव फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. मी रडत होते. मी म्हटलं, "सगुणाक्का, मला रागवा तरी."

"विचारायचं होतं कीं गे. तोंड होतं कीं तिला," त्या म्हणाल्या. मग पेटीचं झाकण लावत म्हणाल्या, "पण तुला काय सांगूं? तिच्या तोंडाच्या जागी बाहुल्या मांडून ठेवली ती मीच."

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे बाईला आधी तिचं स्वतःचं नाव विचारायचं, तिने ते मोठ्याने सांगायचं, मी लिहायचं आणि तिला वाचून दाखवायचं, असा रिवाज सुरू झाला. कितीतरी जणींना तेही जमायचं नाही. अमक्याची आई, तमक्याची सून एवढंच यायचं. सगुणाक्का थांबून राहायच्या. नवऱ्याच्या सहीची अट काढा म्हणून त्यांनी आरोग्य खात्याच्या साहेबांच्या प्रत्येक बैठकीत उभं राहून सांगितलं. "पोट तिचं, मरण तिचं, आणि सही त्याची काय म्हणून?" साहेब लोक चहा पीत ऐकून घ्यायचे. त्या निवृत्त होईपर्यंत अट गेली नाही.

मी मात्र पुढे कितीतरी वर्षं त्या दाराकडे पाठ करून बसले. समोर तोंड करून बसलं की चौकटीला टेकलेलं कोणीतरी दिसायचं.

सगुणाक्कांना शेवटचं भेटले ती त्यांच्या भाचीच्या घरी, एका दुपारी. त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. माझ्याकडे बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "नाव काय गे तुझं?" मी सांगितलं, "कुसुम." त्यांनी मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिल्या.

"ती दाराशी उभीच आहे कीं," त्या म्हणाल्या. "तिला बसायला सांग. नाव लिहून घे."

मी वळून पाहिलं. उंबऱ्यावर ऊन पडलं होतं. मी माझी खुर्ची सोडली, दाराकडे वळवून ठेवली, पिशवीतून कागद काढला आणि लिहिलं.

"लिहिलीस?"

"लिहिलं, सगुणाक्का."

"मग वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं, "वल्लीयम्मा." मग दाराकडे तोंड करून पुन्हा, मोठ्याने वाचलं.