पंडुमाआधीचं पन्हं

नीलाबाईने माझ्या तराजूवर कधीच विश्वास ठेवला नाही. मोहफुलं पारड्यात पडली की ती आधी पारड्याखाली हात घालून चाचपायची, मग माझ्या तोंडाकडे बघायची, आणि "अकरमभाऊ, पुन्हा तोल," म्हणायची. मीही चिडून पुन्हा तोलायचो. वजन तेवढंच भरायचं, आणि तरी ती माझ्याकडे चोर पकडल्यासारखीच बघत राहायची. इतक्या वर्षांत यात काही बदल झाला नाही.

मी आलापल्लीचा. मोहफूल, चारोळी, डिंक विकत घेतो आणि हंगाम नसला की गाडी भाड्याने लावतो. मुरेकसा हे आत जंगलातलं माडियांचं गाव माझ्या नेहमीच्या फेरीतलं. तिथे नीलाबाईचं कोणाशी पटत नाही, आणि तिच्यावाचून कोणाचं चालतही नाही, कारण बाळंतपणाला तिलाच बोलावतात. नवरा डोमा साप चावून गेला तेव्हा दिराने तिच्या शेतात नांगर घातला. ही बैलांपुढे आडवी झाली आणि दीर शेताबाहेर जाईपर्यंत उठली नाही. जंगलाच्या गार्डाने एकदा तिचे बांबू हिसकावले. त्याच्या फाटकाशी बसून तिने त्याच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की त्याने बांबू स्वतः उचलून दिले. अशा बाईची एकच कमजोरी होती, ती म्हणजे तिची मुलगी रीना.

रीना नर्सिंग शिकायला भद्रावतीला गेली. होस्टेलात ती तापाने फणफणली तेव्हा प्रार्थना करणाऱ्या दोन मैत्रिणी रात्रंदिवस तिच्या उशाशी बसल्या. बरी झाल्यावर तीही त्यांच्यासोबत प्रार्थनेला बसू लागली. सुटीत घरी आली तेव्हा गळ्यात क्रूस होता. नीलाबाईने आकाशपाताळ एक केलं. तिचा खरा राग देवावर नव्हताच. "पोरीले ताप आला अन् मले कोनी कळवलं नाई," हेच ती मला दहादा सांगायची.

गाव गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकघरात, बसलं. काही जणांचं म्हणणं होतं, पोरीला आजच काढा. नीलाबाई एकटी उभी राहून सगळ्यांशी भांडली. शेवटी लालसू गायत्याने, म्हणजे गावाच्या पुजाऱ्याने, निकाल दिला. "घरात काय करते ते करू द्या. पन तिच्यापायी गावाचा नेम मोडला, तर तिनं गाव सोडावा." त्या दिवसापासून नीलाबाई लेकीवर पहारेकऱ्यासारखी नजर ठेवून असायची.

नेम म्हणजे काय, तर उदाहरणार्थ आंबा. मरका पंडुम होईपर्यंत, म्हणजे गायता नवा आंबा देवाला देईपर्यंत, मुरेकशात कोणी कैरीला दात लावत नाही. पोरं झाडाखाली पडलेल्या कैऱ्यांशी खेळतील, पण चाटणार नाहीत. रानातलं पहिलं खाणं देवाचं आणि पूर्वजांचं. त्यांना उपाशी ठेवून माणूस जेवला तर जंगल पुढे देणार नाही, असं ते मानतात. मी मुसलमान माणूस, पण त्या दिवसांत तिथे गेलो तर डब्यातलं लोणचंही काढत नाही. एवढी अक्कल तर ड्रायव्हरलाही असते.

ती अक्कल रीनाच्या प्रार्थनेच्या मंडळींना नव्हती. परदेशातून आलेलं एक गोरं जोडपं, गिटार वाजवणारा एक तरुण आणि नागपूरचा विनय साळवे नावाचा दुभाषी. विनयला मराठी, हिंदी, इंग्रजी येत होतं आणि माडियाचा एक शब्दही येत नव्हता, पण दुभाषी तो. सुटीवर आलेल्या रीनाने त्यांना बोलावलं होतं. भाडं माझ्या गाडीला मिळालं. रस्त्यात मी विनयला म्हणालो, "तिथले लोक खूश नाईत." तो हसून म्हणाला, "आम्ही प्रेम घेऊन चाललोय, भाऊ." मला तेव्हाच त्याला उतरवून द्यावंसं वाटलं.

गावात कोणी खाट टाकली नाही. माणसं खांद्यावर कुऱ्हाड घेऊन झाडाखाली उभी राहिली, बायांनी दारं ओढून घेतली, आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांना कोणी हाक मारली नाही. गोरी बाई प्रत्येकाला हात जोडत होती. बिचारी मनापासून जोडत होती, पण समोरून एकही हात वर आला नाही. जमली फक्त पोरं, गिटारमुळे. ऊन मी म्हणत होतं. रीना गोऱ्या बाईला एका आजारी म्हातारीकडे घेऊन गेली, आणि मागे विनयला पोरांची कीव आली.

शाळेजवळच्या झाडाखाली कैऱ्यांचा सडा होता. एवढ्या कैऱ्या अन् कोणीच कसं उचलत नाही, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. त्याने रीनाच्या घरच्या चुलीवर, घरच्याच हंड्यात कैऱ्या उकडल्या, गूळ कालवला आणि पेले मांडले. मी गाडीचं चाक बदलत होतो. वास आला तसा पाना टाकून उठलो, पण माझ्याआधी नीलाबाई पोचली. डोक्यावर सरपणाचा भारा होता. तिने तो होता तिथे फेकला आणि हंड्याला लाथ घातली. सगळं पन्हं धुळीत गेलं. विनय "ताई, मुलांसाठी केलंय," म्हणत पुढे झाला, तर तिने त्याच्याच हातातला डाव हिसकावून त्याच्या पाठीत घातला.

आवाज ऐकून रीना धावत आली. धुळीत सांडलेलं पन्हं पाहिलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला, म्हणजे काय घडणार होतं ते तिला कळलं. ती आईला काही बोलणार, तोवर नीलाबाईचा तोल सुटला होता. सगळं गाव ऐकत होतं. ती ओरडली, "माह्या चुलीवर पाप शिजवते! कोनाची पोर आहेस तू? जा, त्यांच्याच गाडीत बस! मेली समजतो मी तुले!"

रीना वळली. घरात गेली, पिशवी घेऊन आली आणि माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसली.

तेवढ्यात लालसू गायता आला. त्याने पोरांना रांगेत उभं केलं आणि वाकून एकेकाचं तोंड हुंगलं. ही सगळी नीलाबाईच्या हातांवर जन्मलेली पोरं. नीलाबाई भिंतीला टेकून बघत होती. शेवटच्या पोराचं तोंड हुंगून गायता म्हणाला, "कोनी नाई प्याला. नेम राह्यला."

म्हणजे रीनाला गावात राहता येणार होतं. हे गाडीतल्या रीनाने ऐकलं, भिंतीजवळच्या नीलाबाईनेही ऐकलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी गाडी सुरू करायला मुद्दाम वेळ लावला, काच पुसली, टायर पुन्हा तपासलं. नीलाबाईने एक हाक मारली असती तर पोर उतरली असती, याबद्दल मला शंका नाही. पण जी बाई गार्डापुढे वाकली नाही ती लेकीपुढे कशाला वाकेल? आणि लेकही तिचीच. मला दोघींचा भयंकर राग आला. मी किल्ली फिरवली.

परतताना विनय पाठ चोळत मोबाईलवर काहीतरी लिहीत होता. मी डोकावून पाहिलं, तर प्रार्थनेच्या ग्रुपवर त्याने सांडलेल्या हंड्याचा फोटो टाकला होता, आणि खाली लिहिलं होतं की येथील लोकांची मनं फार कठोर आहेत. मी गाडी थांबवून त्याला पंडुम म्हणजे काय ते समजावलं, आणि सोबत माझ्या पदरच्या चार शिव्याही दिल्या. त्याचा चेहरा पडला. "मला कोणीच सांगितलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही इचारलं कोनाले?" मी म्हणालो. मागून रीना म्हणाली, "भाऊ, गाडी चालवा."

पंडुम झाल्यावर मी चारोळी घ्यायला गेलो. नीलाबाईने पळसाच्या पानात बांधलेला एक कच्चा आंबा माझ्या अंगावर फेकल्यासारखा पुढे केला. गायत्याने वाटलेल्या वाट्यांत तिने दोन, आपला आणि लेकीचा, मागून घेतले होते, आणि त्यावर कोणी हरकत घेतली नव्हती. "भद्रावतीले तुही बहीण राहते ना? मंग पोरीले नेऊन देजो. मी पाठवला म्हनून सांगू नोको."

होस्टेलच्या बाईंनी मला पाहताच तक्रारींचा पाढा वाचला. "तुमची मुलगी फार नखऱ्याची आहे. ताटात कैरीचं लोणचं वाढलं की ताट सरकवते. पन्हं दिलं तर हात लावत नाही. आल्यापासून हेच चाललंय."

रीना बाहेर आली. गळ्यात क्रूस होता. मी पानाची पुडी पुढे केली. तिने ती उघडून पाहिली, पण आंब्याला हात लावला नाही.

"पंडुम झाला?" तिने विचारलं.

"झाला."

मग तिने तिथेच उभ्याने तो आंबा खाल्ला. मीठ नाही, तिखट नाही, कोय चोखून पांढरी होईपर्यंत खाल्ला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि चेहरा मात्र आईसारखाच, दगडाचा. "मायले सांगा, मी येनार नाई," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढच्या फेरीला मी नीलाबाईला हे जसंच्या तसं सांगितलं, येणार नाही तेही आणि आधी काय विचारलं तेही. तिने चारोळी पारड्यात ओतली. मी तोलू लागलो. ती जंगलाकडे तोंड करून उभी होती.

"वजन बघ," मी म्हणालो.

"तू सांगशीन तेवढं," ती म्हणाली. पारड्याखाली तिने हात घातला नाही.