एका कामाला एक प्रश्न

शालोमकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरी, त्यांच्यासाठीच घेतलेली बोरं निवडत बसले होते. शुक्रवार होता. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. फोन भोंगवलीच्या किसनरावांचा. किसनराव म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, काकांचे जुने सोबती; तालुक्याला आले की काकांच्या ओट्यावर टेकल्याशिवाय परत जायचे नाहीत. "बाई, काका गेलं," ते म्हणाले. "खुर्चीत बसल्या बसल्या. च्या हातातच व्हता." आणि मला लाज वाटते सांगायला, पण माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला तो हा... "सूर्य मावळायच्या आधी की नंतर?" दुसरा कुणी असता तर म्हातारीला वेड लागलं म्हणाला असता. किसनराव मात्र गंभीरपणे म्हणाले, "नंतर, बाई. शनवार लागला व्हता." मी फोन ठेवला. रडू त्यानंतर आलं.

हा प्रश्न का विचारला हे सांगायचं तर काका कोण होते तेही सांगायला हवं. शालोमकाका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे आपल्याकडचे ज्यू. कोकणातून त्यांचे वडील संस्थानच्या काळात भोरला कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच झाले. एकेकाळी चार-पाच घरं होती म्हणे. काही पुण्याला गेली, काही मुंबईला, उरलेली इस्राएलला. काका सोडून. बायको गेली, मुलगा रूबेन अश्दोदला गोदीत नोकरीला लागला, तरी हे इथेच. भोर आणि वेल्हे दोन्ही तालुके मिळून ज्यू समाज म्हणजे एकटे शालोमकाका. आणि या एकट्या माणसाच्या समाजाचा जाहीर कार्यक्रमांचा फळा होता!

तो फळा एसटी स्टँडवरचा. काका तिथे कंट्रोलर होते. जुना फळा भंगारात निघाला तेव्हा साहेबांकडे अर्ज करून त्यांनी तो मिळवला आणि घराच्या ओट्यावर टांगला. त्यावर ऑइलपेंटने रंगवलेले रकाने तसेच राहिले होते: गाडी, मार्ग, वेळ, शेरा. त्या रकान्यांतच काका खडूने लिहायचे. 'गाडी'खाली सण, 'मार्ग'खाली काम, 'वेळ'खाली वेळ, आणि 'शेरा'खाली ते काम करणाऱ्याचं नाव. नवीन वर्षाच्या सुमाराला खिरीचा सण. उपास सुटल्यावर पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना पाणी. थंडीत त्यांच्या प्रेषिताचा, एलियाहू हनाबीचा, उरूस; त्याला गोड पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा. आणि दर शुक्रवारी, कार्यक्रम असो वा नसो, सूर्यास्ताची वेळ.

मी भूगोलाची शिक्षिका. नाक खुपसायची सवय जन्माची. समोरच राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी रस्ता ओलांडून विचारलं, "काका, हे कुणासाठी लिहिता? इथे तर तुम्ही एकटेच." काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "प्रश्न फुकट न्हाई, बाई. एका कामाला एक प्रश्न. रविवारी खीर हाय. नारळ खोवायला माणूस पायजे." गेले मी. अकरा नारळ खोवले, बोटं सोलपटली, कारण खिरीला नारळाचंच दूध लागतं. मग काका म्हणाले, "आता विचारा." मी तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "जो वाचंल त्याच्यासाठी. तुमी वाचलात की."

असा आमचा व्यवहार सुरू झाला. वीस वर्षं चालला. मी कामं करत गेले, खरं सांगायचं तर प्रश्नांच्या लोभाने. तांदूळ निवडले, तेव्हा कळलं की त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. दुधाची आणि मटणाची भांडी वेगवेगळ्या फळ्यांवर लावून दिली, तेव्हा कळलं की त्यांच्यात दूध आणि मटण एकत्र चालत नाही. पुण्याच्या पाहुण्यांना स्टँडवरून आणलं, तेव्हा विचारलं की मलिद्याचं ताट नेमकं कुणासाठी मांडतात. "एलियाहूसाठी," काका म्हणाले. "कधी, कुठल्या रूपात यील सांगता येत न्हाई. म्हणून दारात आल्याला माणूस परत लावायचा न्हाई." मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडे अतिथीला मानतात तसं. "तसंच काहीतरी," ते म्हणाले, "पण ह्यो दुसरा प्रश्न झाला. एक काम अंगावर राहिलं तुमच्या."

कामाला येणारी मीच एकटी नव्हते. किसनराव पोहे आणायचे. राजगडाखालच्या पालीत सुनंदा गडावर जाणाऱ्या पोरांना नाश्ता करून देते, ती फळं घेऊन यायची. बौद्धवाडीतले दोघं भाऊ मांडव घालायचे. स्टँडवरचे कंडक्टर, मेकॅनिक, झाडूवाल्या मावशी... शेऱ्याच्या रकान्यात नावं मावायची नाहीत. हे सगळे का येतात, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. त्याचं उत्तर काकांनी दिलं नाही, किसनरावांनी दिलं, आणि तेही फुकट. शनिवार हा त्यांच्या धर्मात कामाला हात न लावायचा दिवस, म्हणून नोकरीभर काकांनी शनिवारी ड्युटी केली नाही. त्या बदल्यात दिवाळी, गणपती, आंबेडकर जयंती, गावची जत्रा, ज्याला ज्या दिवशी घरी जायचं असेल त्याच्या जागी काका उभे राहिले. "माझ्या तिन्ही पोरींच्या लग्नात माझ्या जागी काका व्हतं," किसनराव म्हणाले. "मग त्यांच्या सणाला म्या नको का?"

आमचा एक फजितीचा किस्साही सांगितला पाहिजे. भाटघरच्या वाटेवर काकांच्या लोकांची एक लहानशी दफनभूमी आहे. सातच थडगी. पावसाळ्यानंतर गवत माणसाच्या कमरेएवढं वाढतं. एका वर्षी काकांचा गुडघा धरला होता, म्हणून आम्हीच ठरवलं की त्यांना न सांगता साफसफाई करून टाकायची. शाळेला सुट्टी, किसनरावांनाही सवड, म्हणून दिवस धरला शनिवार. विळे, पाटी, दोरखंड घेऊन सात-आठ जण पोचलो. किसनरावांनी पहिली मूठ गवत हातात धरली आणि मागून काठी टेकत काका आले, त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. एवढं अंतर चालत. "ठेवा तो विळा," म्हणाले. "आज शनवार. आज माझ्यासाठी कुणी राबायचं न्हाई." आमचे चेहरे बघण्यासारखे झाले. वीस मैलांवरून आलेली सुनंदा म्हणाली, "आवं पण काका, आमी कुठं तुमच्यातली? आमाला चालतंय की!" काका म्हणाले, "तुला चालतंय गं. मला चालत न्हाई. बसा समदी." मग आम्ही बसलो. दुपारपर्यंत त्या गवतात आठ जण नुसते बसून. काकांनी एकेका थडग्यातल्या माणसाबद्दल सांगितलं, मग त्यांना डुलकी लागली. उठताना मी चिडूनच विचारलं, "आज काम नाही, म्हणजे माझा प्रश्न बुडाला का?" काका हसले. "बसलात न्हवं सोबतीला? ते बी कामच. विचारा एक."

तेव्हा मी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला मिळालं नाही. मी विचारलं, "काका, तुम्ही रूबेनकडे का जात नाही?" रूबेन दर वर्षी तिकीट पाठवायला तयार असायचा. फोनवर त्याचा आवाज चढलेला मी रस्त्याच्या अलीकडे ऐकला होता. काकांना साखरेचा त्रास, घरात दुसरं कुणी नाही. लेकाचं चुकत नव्हतं. काका थडग्यांकडे बघत राहिले. म्हणाले, "ह्या प्रश्नाला हे काम पुरायचं न्हाई, बाई. दुसरा विचारा." मी दुसरा विचारला. काय, ते आता आठवतही नाही. पहिला मात्र मनात राहिला. मोठं काम निघेल तेव्हा विचारू, म्हणून मी तो जपून ठेवला.

मोठं काम निघालं ते हे. काका गेले ते शनिवार लागल्यावर, आणि शनिवारी त्यांच्यात दफन करत नाहीत. पुण्याची जाणती मंडळी, आंघोळ घालणारे, प्रार्थना म्हणणारे, सगळे रविवारी येणार. रूबेनचं विमानही रविवारीच पोचणार. देहाला एकटं सोडायचं नाही एवढं मला माहीत होतं. ते मी कधीतरी एक पातेलं भात वाढून मिळवलेलं ज्ञान. शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने मी परत आले. बर्फाच्या लाद्या किसनरावांनी आधीच आणल्या होत्या. बाकी करण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्यासारख्या खटपट्या बाईला ते फार जड गेलं. आम्ही पाळीपाळीने बसून राहिलो, त्या गवतात बसलो होतो तसेच. दुपारी खोलीत मी एकटी होते. मी म्हटलं, "काका, हे काम तरी पुरेल ना? सांगा आता." मी पदर तोंडाला लावून खूप रडले... आणि रडता रडता मला त्यांचा रागही आला. उत्तर न देता उठून गेले.

रविवारी ते सातच्या शेजारी आठवे झाले. पुण्याची मंडळी जाताना ओट्यावर थांबली. फळ्यावर पुढचा कार्यक्रम काकांनी लिहूनच ठेवला होता. एलियाहू हनाबीचा उरूस, पौर्णिमा. पोहे: किसनराव. फळं: सुनंदा. बोरं: बाई. नारळ: शालोम. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "यंदा इथला रद्द करू. पुढेही पुण्यातच होईल. आता इथे आहे कोण?" चूक नव्हतं त्यांचं. रूबेन मान खाली घालून उभा होता. मी म्हटलं, "पौर्णिमेपर्यंत दुखवट्याचा महिना होऊन जातो. तुमच्या रीतीत बसत असेल तर होऊ द्या. आम्ही नावं दिलेली आहेत." त्या गृहस्थांनी फळ्यावरची नावं एकेक करून वाचली. मग म्हणाले, "रीतीत बसतं."

तोंडाने म्हटलं खरं, पण पुढचे पाच आठवडे मला खात्री नव्हती. नावं फळ्यावर होती, पण ती काकांच्या शब्दाखातर. बोलवणारा माणूसच नाही म्हटल्यावर कोण येणार? मी मुद्दाम कुणाला फोन केला नाही. घर आवरण्यासाठी रूबेन रजा वाढवून राहिला होता. बापाचं सामान खोक्यांत भरायचा, फारसा बोलायचा नाही. उरसाच्या दिवशी दुपारी मी बोरं घेऊन गेले, तर तो फळ्यासमोर उभा. मला म्हणाला, "बाई, तुम्हाला माहीत असेल. बाबा माझ्याकडे का आले नाहीत? मी काय कमी केलं असतं?"

आता आली का पंचाईत! मला तरी कुठे माहीत होतं? मी फळ्याकडे बोट दाखवलं. "नारळाच्या कामाला माणूस नाही. आधी नारळ खोव. या घरात एका कामाला एक प्रश्न मिळतो."

त्याला राग आला असावा. पण विळी घेऊन बसला. बसायची पद्धत बापाची, एक गुडघा वर. तिसऱ्या नारळाला किसनराव पोह्यांचं पोतं खांद्यावर घेऊन आले. चौथ्याला सुनंदा, टेम्पोतून केळी आणि पेरू उतरवत, "कुठं ठिवू, बाई?" म्हणत. मग बांबू घेऊन ते दोघं भाऊ. मग स्टँडवरची मंडळी, काही तर मी आधी कधी न पाहिलेली. प्रत्येक जण ओट्यावर यायचा, फळ्यावर आपलं नाव बोटाने शोधायचा आणि कुणालाही काही न विचारता आपल्या कामाला लागायचा. अंगण भरलं. रूबेनचा हात थांबला. किसाने भरलेलं ताट मांडीवर तसंच, आणि तो बघतोय. "बाई," तो म्हणाला, "हे सगळे दर वर्षी येतात?"

"येतात," मी म्हटलं. "आणि हा तुझा प्रश्न झाला."

त्याला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही. उरलेले नारळ खोवून टाकले. सूर्य मावळायच्या आत मलिद्याचं ताट मांडून झालं होतं. पुण्याची मंडळी प्रार्थना म्हणायला लागली तेव्हा मागे अंगणात उभं राहायला जागा नव्हती. माझ्या डोक्यातून इतकी वर्षं सांभाळलेला तो प्रश्न कधी निघून गेला ते मला कळलंच नाही.

रूबेन गेल्या गुरुवारी परत गेला. किल्ली माझ्याकडे आहे. काल ओटा झाडायला गेले तेव्हा फळ्यावर नवीन ओळ दिसली. मराठी लिहायची सवय सुटलेल्या माणसाचं मोठं, वाकडं अक्षर. पुढचा उरूस. नारळ: रूबेन. वेळेचा रकाना त्याने मोकळा सोडलाय. पुण्याहून त्यांचं कॅलेंडर आलं की तो मी भरायचा आहे, आदल्या संध्याकाळपासून धरून.