तुरटीरावांनी पास केलेलं पाणी

जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीचं प्रमाण ठरवण्यात उभा जन्म गेला, म्हणून लोक त्यांना तुरटीराव म्हणत. निवृत्तीच्या समारंभात खरं नाव पुकारलं गेलं, तेव्हा सत्कार कोणाचा आहे हे पाहायला काहींनी मागे वळून पाहिलं. गढूळ पाणी वाळूच्या थरांतून झिरपायचं आणि तुरटीराव काचेचा ग्लास उजेडात धरून निकाल द्यायचे. पाणी नितळ, धार जोरात, म्हणजे गाळणी ठणठणीत. या नियमाने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

बायकोचे गुडघे दुखत. रक्तदाबाच्या गोळीसोबत ती दुखण्याचीही गोळी रोज घेई, दुकानातून आणलेली, कोणाला न विचारता. मग पायांवर सूज आली, अन्नावरची वासना उडाली, लघवीसाठी झोपेतून वरचेवर उठावं लागे. मूत्रपिंडांचं काही असेल, डॉक्टरांना दाखवू या, असं तिच्या धाकट्या बहिणीने सुचवलं. तुरटीरावांनी सकाळच्या पहिल्या लघवीचा ग्लास मागवला. बायको आधी लाजली, मग चिडली, शेवटी नेहमीप्रमाणे नमली. खिडकीशी उभं राहून त्यांनी निकाल दिला: रंग नाही, गाळ नाही, प्रमाण भरपूर. पास. वर थोडा फेस होता, तो त्यांनी जमेस धरला नाही.

"भाऊजी, ताई म्हणजे काय तुमची टाकी आहे?" मेहुणी म्हणाली.

टाकीच बरी, ती उलट बोलत नाही, असं ते म्हणाले. सगळे हसले, बायकोही हसली. डॉक्टर लांबणीवर पडले.

काही महिन्यांनी बायको ओट्यापाशी भोवळ येऊन पडली. इस्पितळातली डॉक्टर तरुण होती, आणि समजावून सांगायचा तिला अजून कंटाळा आला नव्हता. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येकीत रक्त एका बारीक नळीने येतं, दुसरीने बाहेर पडतं. अंगातला दाब उतरला की मूत्रपिंड येणारी नळी सैल करतं, जाणारी आवळतं. दाब चढला की येणारी आवळतं. गाळण्याचा वेग असा सांभाळला जातो. जुन्या रक्तदाबाने गाळण्या झिजल्या होत्याच. त्यात दुखण्याच्या गोळीने येणारी नळी सैल होईना आणि या रक्तदाबाच्या गोळीने जाणारी आवळेना, म्हणून गाळणं मंदावलं.

नळ्या आणि दाब तुरटीरावांना लगेच कळले. त्यांनी एवढंच विचारलं, की मग सकाळचं पाणी इतकं नितळ कसं?

"काका, तुमच्याकडे घाण मागे राहते आणि पाणी पुढे जातं. इथे घाणच बाहेर जायला हवी. सकाळचं पहिलं पाणीसुद्धा इतकं नितळ, म्हणजे ती रक्तातच राहतेय."

आधी आलो असतो तर, हे वाक्य त्यांनी सुरू केलं. डॉक्टरने ते पूर्ण केलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

दुखण्याची गोळी बंद झाली, रक्तदाबाची बदलली. उरलेल्या गाळण्या टिकल्या तर डायलिसिसचं मशीन टळेल, नाहीतर नाही. पुढच्या तपासणीला तुरटीराव इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. बायकोने बहिणीला हाक मारली.

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "तुम्ही असलात की सगळे तुम्हालाच सांगतात. आता माझं मला कळू दे."

दोघी जिना उतरल्या. बायको प्रत्येक पायरीवर थांबत होती. हात द्यायला ते एक पायरी खाली गेले, आणि मेहुणीने हात दिलेला पाहून तिथेच उभे राहिले.