लाल सलाम सत्य है

खळ्यावर धानाची मळणी चालू होती. मोतीरामची बायको बांधाबांधानं चालत आली अन् म्हणाली, "भाऊजी, तुमचा कामरेड उठून नाही राहिला..." मी धावलो. तो गेला होता. आता काही आठवडे झाले, म्हणून लिहितो. मी चौथीपर्यंतच शिकलो. पण मोतीरामला माझ्याइतका ओळखणारा माणूस अख्ख्या अर्जुनी तालुक्यात सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची शेतं बांधाला बांध लागून. मी भजनी मंडळाचा म्होरक्या, तो लाल झेंड्याचा. बिडीच्या तेंदूपत्त्याच्या भावासाठी तरुणपणी मोर्चात गेला, तो देव सोडूनच परत आला. नावातला रामसुद्धा काढून टाकला. म्हणे, "मले नुसतं मोती म्हण." मी म्हटलं, "गावात दोन कुत्रे आहेत बे मोती नावाचे. तिसरा कायले?" कितीतरी दिवस बोलला नाही. कोणी राम राम घातला की हा मूठ वर करून "लाल सलाम!"

माझं म्हणणं तेव्हाही एकच होतं अन् आजही तेच आहे. देव त्यालाही होता, फक्त लाल रंगाचा. महाशिवरात्रीला मी पायी आमच्या इकडच्या प्रतापगडला महादेवाच्या दर्शनाला जायचो, हिवाळ्यात तो मोर्चासोबत नागपूरला. दोघंही सुजलेले पाय घेऊन परत. मी प्रसाद वाटायचो, तो पत्रकं. त्याचं एक जाडं पुस्तक मी दुपारी उशाला घेतलं, तर डोक्याखालून ओढून काढलं अन् फडक्यानं पुसलं! रोज सकाळी आपल्या अंगणातल्या ओट्यावर झेंडा लावायला चढताना चपला खाली काढायचा. मी विचारायचो, "चपला काऊन काढून राहिला बे?" म्हणायचा, "ओट्याले चिखल लागते." हे भर उन्हाळ्यात! "कबूल कर, देव आहे तुझा." तो म्हणे, "देव मागते गा, झेंडा देते. तुझ्या बायकोले पत्त्याचा भाव वाढून भेटला, तो तुझ्या शंकरानं देल्ला काय?" इथं मी टाळ पुसायला घ्यायचो. मान्य नाही केलं कधी... टाळ पुसायचो.

शेवटच्या भेटीत खाटेवरून त्यानं माझा हात धरला. "माझ्या मयतीत राम नाम होऊ देऊ नोको. पोरगा ऐकणार नाही. तूच अडवशील, टाळ तुझेच आहेत." मी शब्द दिला.

पोरगा शहराजवळ कुडव्याला दुकान चालवतो. तो आला अन् अडून बसला. "काका, लोग क्या कहेंगे? बाबाले गती नाही लागत काय?" मी तिरडीपुढं उभा राहिलो. म्हटलं, "तुझ्या बापानं आपला धर्म जन्मभर नेमानं पाळला. आम्ही एकादशी चुकवतो, त्यानं एक सकाळ चुकवली नाही. आता त्याच्या अंगावर दुसऱ्याचा धर्म नाही टाकायचा." झेंडा मीच काढून आणला, मीच त्याच्यावर पांघरवला. पोरग्यानं वाकून झेंड्याचं टोक सरळ केलं.

मंडळाला बजावलं, आज राम नाही, लाल सलाम म्हणायचं. माना डोलावल्या सगळ्यांनी. पण जन्माची सवय ती! टाळ वाजले, तिरडी उचलली, पुढचा बरोबर ओरडला, "लाल सलाम..." अन् मागून अख्खं गाव, "सत्य है!"

पोरगा रडता रडता हसला. मी थांबवायला हात वर केला, तर लोकांना वाटलं मूठ वळली. साऱ्यांनी मुठी वर केल्या. घाटापर्यंत तेच, टाळाच्या ठेक्यावर. अशी मयत आमच्या गावात कोणाची निघाली नाही, पाटलाचीसुद्धा नाही. त्याला राम चिकटला नाही, मला माझं म्हणणं सोडावं लागलं नाही. जिंकलो दोघंही. मी जरा जास्त.

घाटावर तिरडीवरून काढून घेतलेला तो झेंडा आता रोज सकाळी मीच लावतो. वहिनीला दोरीची गाठ जमत नाही. परवा ती दारातून म्हणाली, "भाऊजी, चपला कायले काढून राहिले?"

अंगणात नुसती धूळ उडत होती.

म्हटलं, "चिखल लागते."