धाकट्या मामांची भिंत

नाशिक जिल्ह्यात आधुनिक चित्रकला पहिल्यांदा कुणी आणली असं मला विचारलंत, तर मी बेधडक आमच्या धाकट्या मामांकडे बोट दाखवीन, आणि ती चाकांवरून आणली असंही वर सांगेन. लोक हसतात. हसू देत बापडे. परदेशात भिंती रंगवणारी, फळ्यांना चाकं लावून रस्ताभर घसरत जाणारी, केस साळिंदरासारखे उभे करून बेसूर गाणारी पोरं पुढे थेट मोठमोठ्या कलादालनांत जाऊन बसली, हे शहाण्या माणसांनी पुस्तकांत वाचलं. मी मात्र ते सगळं नव्वदच्या दशकात पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यावर या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते करणारा माणूस दहावी नापास होता.

मामा पेंटर होते. खतं, औषधं, ट्रॅक्टर यांच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगवायचे. आजोबांबरोबर झेंडू घेऊन देवळाली कॅम्पच्या बाजारात जाताना एकदा तिथल्या रद्दीच्या दुकानात त्यांना परदेशी मासिकांचा गठ्ठा मिळाला, कुणा लष्करी साहेबाच्या घरातून आलेला. मामांना इंग्रजी येत नव्हतं हे एका परीनं बरंच झालं, कारण त्यांनी नुसती चित्रं पाहिली. फुगून एकमेकांच्या अंगावर रेललेली अक्षरं, चाकांच्या फळ्या आणि डोक्यावर तुरे उभारलेली माणसं. झालं, माणूस कामातून गेला. आपलेही केस तसे उभे राहावेत म्हणून त्यांनी डोक्याला गुळाचं पाणी चोपडलं आणि तसेच झेंडूच्या मळ्यात शिरले. मळ्यातल्या यच्चयावत मधमाश्या फुलं सोडून मामांच्या मागे लागल्या. आजीनं विहिरीवर बसवून त्यांचं डोकं धुतलं आणि धुताना जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग फळी आली. द्राक्षांच्या लाकडी पेट्यांच्या पट्ट्या एकावर एक ठोकायच्या आणि खाली टेम्पोच्या गॅरेजमधले जुने बेरिंग बसवायचे. डांबरी रस्त्यावर ती असा खडखडाट करी की मामा येताहेत हे आम्हाला दोन वळणं आधी कळायचं. पण मामा तिच्यावर खेळत नसत, काम करत. एक पाय फळीवर, दुसऱ्या पायानं रेटा, आणि रंगात बुडवलेला ब्रश भिंतीला टेकवलेला! कोल्ड स्टोरेजच्या लांबलचक भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ, एका दमात. एकदा एका खतवाल्यानं तक्रार केली की अक्षरं फार गुबगुबीत झालीत, वाचायला वेळ लागतो. मामा शांतपणे म्हणाले की मग लोक जास्त वेळ थांबतील ना. त्या गृहस्थानं थोडा विचार केला आणि त्यांना आणखी दोन भिंती दिल्या.

मी तेव्हा नाशिकला कॉलेजात होते. आमच्या ओळखीचे चित्रकलेचे एक सर होते, त्यांना मी मामांचं काम दाखवायला नेलं. सर बघतच राहिले. परदेशात असंच करणारी पोरं पोलिसांना चुकवत भिंती रंगवायची आणि आता त्यांचीच चित्रं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात लागतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. मामांना त्यातलं एकच खटकलं.

"पळायचं कशापायी? भिंत मागून घ्यावी की."

मामा खरंच मागून घ्यायचे. जाहिरातीची भिंत वेगळी. स्वतःच्या हौसेची भिंत मागताना त्यांचा शब्द ठरलेला असायचा, की तुमच्या घरी कार्य निघालं की भिंत तुमची. सायखेड्यात एका शेतकऱ्यानं त्यांना रस्त्याकडची दर्शनी भिंत अशीच दिली होती. तिच्यावर मामांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं चित्र काढलं. डोक्यावर भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, पायाखाली चाकांच्या फळ्या, पदर उडताहेत, केस कांद्याच्या पातीसारखे उभे, आणि सगळ्या जणी गोदावरीच्या काठानं नाशिकच्या बाजाराकडे सुसाट निघाल्यात! वर फुगलेल्या अक्षरांत "सरका सरका". एसटी तिथे हळू व्हायची.

तोवर फ्लेक्सचे बोर्ड आले होते आणि मामांचं काम निम्म्यावर आलं होतं. अशात सरांनी खटपट करून मुंबईच्या एका कलादालनाच्या बाईंना रविवारी सायखेड्याला यायला राजी केलं. चित्र पसंत पडलं तर मामा मुंबईला जाणार होते. मी तर घरभर नाचले. आणि शुक्रवारी निरोप आला, त्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न तडकाफडकी ठरलंय, सोमवारी लग्न, रविवारी हळद. आमच्याकडे लग्नघराची भिंत चुन्यानं पांढरी करून तिच्यावर नवरा-नवरीची नावं, हत्ती, तुळशीवृंदावन काढतात. काढणारे अर्थात मामाच.

शनिवारी सकाळी मामांनी नीळ घालून चुना कालवला. मी रडकुंडीला आले. एक दिवस थांबा, हळद आतल्या अंगणात होऊ दे, मी त्या घरच्यांच्या पाया पडते, काय वाट्टेल ते बोलले. मुलीचा बापसुद्धा राहू द्या म्हणाला. मामांनी ऐकलं नाही. "शब्द दिलाय. आणि पोरीच्या लग्नाला शिळी भिंत नाय चालत," एवढंच म्हणाले आणि पहिल्या बाईच्या तोंडावरून कुंचा फिरवला. मला त्यांचा इतका राग आला की मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

रविवारी बाई आल्या तेव्हा मामा फळीवरून घसरत हत्तींच्या रांगेखालची तांबडी रेघ ओढत होते. सरांनी कपाळाला हात लावला. आधीचं चित्र कसं होतं ते आम्ही दोघांनी हातवारे करून सांगितलं. बाई चांगल्या होत्या. चहा घेतला, रेघ पुन्हा पुन्हा पाहिली, मुंबईत कॅनव्हासवर काढाल का म्हणून विचारलं. मामांनी, तो कॅनव्हास कुणाच्या घरचा, असा उलट प्रश्न केला. बाई हसून गाडीत बसल्या. पुढे मुंबईहून काही निरोप आला नाही.

गाडी गेल्यावर मामा बराच वेळ ब्रश धूत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, खरं सांग. ते लय चांगलं झालं होतं का गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी म्हटलं, मामा, तसं मी अजून कुठे पाहिलं नाही. ते मी आजही म्हणते, आणि मधल्या काळात मी पुष्कळ कलादालनं पाहिली. त्या चित्राचा एकही फोटो नाही, म्हणून भेटेल त्याला मी ते तोंडानंच सांगत असते. मामांनी मान हलवली, बरं म्हणाले, आणि नवरीच्या नावाला रंग भरायला उठले, कारण हळदीला पाहुणे यायला लागले होते.